शंभराव्या मैफिलीची ओढ

जुन्या काळचा मैफलीचा रसिक ओळखण्याची एक खूण होती. बुवा काय गायले, हे तो सांगत नसे. परवा गायले त्याहून आज वेगळे काय गायले, हे सांगत असे. एकाच गायकाला वर्षानुवर्षे, गावोगावी जाऊन ऐकण्यात पुनरुक्ती आहे, असे त्याला कधी वाटले नाही. देवळांच्या सभामंडपात रात्री जागवलेल्या गोमंतकाला ही गोष्ट समजावून सांगण्याची गरज नाही. रॉक संगीताच्या श्रोत्याविषयी मात्र आपली कल्पना निराळी असते: भलेमोठे मैदान, छाती दणाणून सोडणारे ध्वनिक्षेपक, उड्या मारणारी तरुण पोरे आणि ध्वनिमुद्रिकेवर जे आहे तेच मंचावर जसेच्या तसे. या कल्पनेला छेद देणारे जे थोडे गायक आहेत, त्यांत अमेरिकेतील न्यू जर्सी राज्याचे ब्रूस स्प्रिंगस्टीन यांचे नाव अग्रभागी घ्यावे लागते. त्यांच्या पन्नास, शंभर आणि त्याहूनही अधिक मैफिली ऐकलेले लोक जगभर आहेत. हे लोक वेडे नव्हेत. ते नेमके काय ऐकतात आणि एकमेकांना काय देतात, हे पाहण्यासारखे आहे.

स्प्रिंगस्टीन यांचा जन्म २३ सप्टेंबर १९४९ चा. बालपण गेले फ्रीहोल्ड या कारखानदारीच्या गावात. वडिलांना एक नोकरी फार काळ लाभली नाही. घर चालले ते प्रामुख्याने आईच्या पगारावर. १९७३ मध्ये त्यांच्या दोन ध्वनिमुद्रिका आल्या आणि दोन्ही फारशा खपल्या नाहीत. १९७५ च्या ऑगस्टमध्ये आलेल्या ‘बॉर्न टू रन’ने चित्र पालटले. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये ‘टाइम’ आणि ‘न्यूजवीक’ या दोन प्रतिस्पर्धी साप्ताहिकांनी एकाच आठवड्यात त्यांना मुखपृष्ठावर घेतले. पंचवीस-सव्वीस वर्षांच्या गायकाला हा मान मिळणे अपूर्व होते. त्यांचा बोलबाला सुरू झाला तो मात्र ध्वनिमुद्रिकेमुळे नव्हे. आदल्या वर्षी बॉस्टनमधील एका समीक्षकाने, जॉन लँडाउ यांनी, त्यांना मंचावर पाहिले आणि रॉक संगीताचे भवितव्य आपण पाहिले, अशा आशयाचे लिहून टाकले. हेच लँडाउ पुढे त्यांचे निर्माते आणि व्यवस्थापक झाले. समीक्षकाने स्तुती करावी आणि मग त्याच कलावंताचा कारभार हाती घ्यावा, हे आपल्याकडे कोणी सहजासहजी खपवून घेतले नसते.

यशाच्या ऐन भरात एक अडचण उभी राहिली. पहिल्या व्यवस्थापकाशी कराराचा वाद होऊन प्रकरण न्यायालयात गेले आणि १९७६-७७ मध्ये बराच काळ स्प्रिंगस्टीन यांना नवे ध्वनिमुद्रण करता येईना. पोटासाठी आणि वाद्यवृंदातील माणसे टिकवण्यासाठी एकच मार्ग उरला, तो म्हणजे गावोगाव गात फिरणे. ‘डार्कनेस ऑन द एज ऑफ टाउन’ ही पुढची ध्वनिमुद्रिका येईपर्यंत जून १९७८ उजाडला. मधल्या काळात ई स्ट्रीट बँड हा त्यांचा वाद्यवृंद घासूनपुसून लखलखीत झाला होता. चाहत्यांमध्ये १९७८ च्या दौऱ्याला जवळजवळ पुराणकथेचे स्थान आहे आणि त्याचे मूळ या सक्तीच्या भटकंतीत आहे.

या दौऱ्यातील एक उदाहरण घेतले की चाहत्याचे ऐकणे कसे असते ते कळते. ‘प्रूव्ह इट ऑल नाइट’ हे गाणे ध्वनिमुद्रिकेवर चार मिनिटांचे आहे. नीटस, आटोपशीर. १९७८ मध्ये मंचावर त्याची सुरुवात पियानोच्या एकाकी सुरावटीने होई. मग गिटार हळूहळू चढत जाई, गाण्याचे शब्द यायला काही मिनिटे लागत आणि एकूण गाणे दहा मिनिटांच्या पलीकडे जाई. म्हणजे गायन सुरू होण्यापूर्वी आलापी असावी, तसाच हा प्रकार. दौरा संपला आणि ती सुरुवातही संपली. पुढच्या दौऱ्यांत हे गाणे येत राहिले, पण त्या उपोद्घाताशिवाय. तीन दशके चाहते ती सुरुवात पुन्हा मागत राहिले. अखेर २०१२ च्या युरोप दौऱ्यात ती परत आली, तेव्हा पियानोचे पहिले काही स्वर ऐकताच मैदानातील जाणकारांचा जो कल्लोळ उठला, तो शेजारी उभ्या असलेल्या नवख्याला उमगणे शक्य नव्हते. गाणे तर अजून सुरूही झाले नव्हते!

मग ज्याने १९७८ चा दौरा पाहिलाच नाही, त्याला ही सुरुवात ठाऊक कशी होती? येथे चाहत्यांच्या देवघेवीचा खरा भाग सुरू होतो. त्या वर्षी स्प्रिंगस्टीन यांच्या काही मैफिली नभोवाणीवरून थेट प्रसारित झाल्या. लॉस एंजलीसचे रॉक्सी, क्लीव्हलँडचे अगोरा, न्यू जर्सीतील पसेइक गावचे कॅपिटल थिएटर, सॅन फ्रान्सिस्कोचे विंटरलँड अशी त्या ठिकाणांची नावे चाहते तीर्थक्षेत्रांसारखी घेतात. ज्यांच्या घरी टेपरेकॉर्डर होता, त्यांनी त्या रात्री कॅसेट लावून ठेवल्या. एकाची कॅसेट दुसऱ्याने उतरवून घेतली, दुसऱ्याची तिसऱ्याने. देवघेवीचा साधा नियम असा की, मागणाऱ्याने कोरी कॅसेट आणि परतीचे टपाल तिकीट पाठवायचे. पैसे घ्यायचे नाहीत.

आजच्या पिढीला यातील कष्ट जाणवणार नाहीत. कॅसेटवरून कॅसेट उतरवली की प्रत्येक वेळी थोडा खरखराट वाढतो आणि वरच्या पट्टीतील बारकावे पुसट होतात. म्हणून आपल्याकडची प्रत मूळ फितीपासून कितव्या पिढीची आहे, हे प्रत्येक संग्राहक सांगू शकत असे. दुसऱ्या पिढीची प्रत म्हणजे प्रतिष्ठा. सातव्या पिढीची म्हणजे वादळात समुद्रकिनारी उभे राहून ऐकलेले गाणे. तरीही ती ऐकली जाई. आपल्याकडे खासगी मैफलींच्या ध्वनिमुद्रणांची कथा याहून वेगळी नाही. केरी गावच्या सूरश्री केसरबाई केरकर ध्वनिमुद्रणाविषयी किती नाखूश असत, हे प्रसिद्ध आहे. त्यांचे जे थोडके गाणे आज हाती आहे, ते रसिक एखाद्या ठेव्यासारखे का जपतात, हे ज्याला समजते त्याला न्यू जर्सीच्या या कॅसेटवाल्यांची ओढही समजेल.

अर्थात सगळेच निःस्पृह नव्हते. याच ध्वनिमुद्रणांच्या चोरट्या तबकड्या काढून विकणारेही निघाले आणि त्यांच्याविरुद्ध १९७९ मध्ये कंपनी व गायक दोघेही न्यायालयात गेले. हाताने कॅसेट उतरवून देणारा आणि धंदा करणारा यांच्यातील सीमारेषा मात्र चाहत्यांनी स्वतःच आखली होती आणि बऱ्यापैकी पाळलीही. नोव्हेंबर १९८६ मध्ये कंपनीने १९७५ ते १९८५ या दहा वर्षांतील मैफिलींमधून निवडलेल्या चाळीस गाण्यांचा पाच तबकड्यांचा संच काढला, तेव्हा तो पहिल्याच आठवड्यात अमेरिकेतील विक्रीच्या यादीत अव्वल ठरला. चाहत्यांनी तो घेतला आणि लगोलग कुरकुरही केली: १९७८ चे ते ‘प्रूव्ह इट ऑल नाइट’ त्यात नव्हतेच! त्यांच्या मते चांगली मैफल तुकडे जोडून होत नाही, ती सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकच रात्र असावी लागते. हे म्हणणे रास्त होते, आणि कंपनीला ते पटायला जवळजवळ तीस वर्षे लागली. २०१४ पासून स्प्रिंगस्टीन यांच्या संपूर्ण मैफिली अधिकृतपणे विकत मिळू लागल्या आणि क्लीव्हलँडची १९७८ ची रात्र त्यात अगदी आरंभीच आली.

स्प्रिंगस्टीन यांच्या मैफिलीला मध्यंतर क्वचितच असते आणि तीन तास हा नेहमीचा हिशेब. ३१ जुलै २०१२ रोजी हेलसिंकी येथे ते चार तास सहा मिनिटे गायले. तेव्हा त्यांचे वय ६२ होते. परंतु लांबी हे ओढीचे कारण नव्हे. कारण आहे अनिश्चितता. गाण्यांचा क्रम हाताने लिहिलेल्या कागदावर ठरतो आणि मंचावर तो बदलतो. २००७ नंतरच्या दौऱ्यांत श्रोत्यांनी हव्या त्या गाण्याचे नाव पुठ्ठ्यावर लिहून आणायची पद्धत रुळली. गायक पुढे येऊन ते पुठ्ठे गोळा करतो, चाळतो आणि एखादा वाद्यवृंदाला दाखवतो. जुलै २०१३ मध्ये जर्मनीतील लाइपझिग येथे कोणीतरी चक बेरी यांच्या एका जुन्या गाण्याची फर्माईश केली. हे गाणे त्या संचाच्या नेहमीच्या तयारीतले नव्हते. मग हजारो लोकांसमोर स्प्रिंगस्टीन यांनी गुणगुणत पट्टी शोधली, ती जमेना म्हणून बदलली, तुतारीवाल्यांना त्यांचा तुकडा तोंडाने गाऊन दाखवला आणि दोन-तीन मिनिटांच्या त्या खटपटीनंतर संपूर्ण संचाने ते गाणे असे वाजवले की जणू महिनाभर तालीम केली होती. चाहते गाण्याहून अधिक ती खटपट पुनःपुन्हा पाहतात. तालीम पाहायला मिळणे हा रसिकाचा सर्वांत मोठा लोभ असतो, हे आपल्या नाटकवाल्यांनाही ठाऊक आहे.

श्रोत्यांचाही यात वाटा ठरलेला आहे. ‘हंग्री हार्ट’ या गाण्याचे पहिले कडवे गायक गात नाही, समोरचा जनसमुदाय गातो. नावाचा स्वर लांबवून मारलेली आरोळी इतकी खर्जात जाते की, नवख्या माणसाला लोक हुर्यो उडवताहेत असेच वाटते. स्वीडनमधील गोथेनबर्ग येथे जून १९८५ मध्ये लोक तालावर एकसाथ नाचले, तेव्हा उलेवी मैदानाच्या बांधकामाला धक्का बसला. खालची जमीन चिकणमातीची होती. सॅक्सोफोनवादक क्लॅरेन्स क्लेमन्स हे या संचाचे दुसरे आकर्षण. १८ जून २०११ रोजी ते गेले. पुढील दौऱ्यात, त्यांचा उल्लेख असलेल्या ओळीपाशी संपूर्ण संच थांबे, पडद्यावर त्यांची छायाचित्रे येत आणि श्रोत्यांचा जयघोष काही केल्या थांबत नसे. त्यांच्या जागी सॅक्सोफोन घेऊन उभा राहिला तो त्यांचाच पुतण्या, जेक.

ध्वनिमुद्रिकांविषयी चाहत्यांचे एकमत कधीच होत नाही, आणि होऊही नये. पण वाद बहुधा ‘नेब्रास्का’पाशी येऊन ठेपतो. १९८२ च्या जानेवारीत स्प्रिंगस्टीन यांनी न्यू जर्सीतील भाड्याच्या घरात बसून, चार पट्ट्यांच्या साध्या कॅसेट यंत्रावर, गिटार आणि माउथऑर्गन घेऊन काही गाणी कच्ची मुद्रित केली. ती संचाला शिकवण्यापुरती होती. ती कॅसेट त्यांच्या खिशात, वेष्टनाशिवाय, कित्येक आठवडे फिरत होती. मग स्टुडिओत पूर्ण संचासह तीच गाणी वाजवून पाहिली, तर त्यातला एकटेपणा नाहीसा झाला. शेवटी खिशातली कॅसेटच ध्वनिमुद्रिका म्हणून प्रसिद्ध झाली. ज्यांनी सातव्या पिढीच्या खरखरीत फिती कानाला लावल्या होत्या, त्या चाहत्यांना ही ध्वनिमुद्रिका आपल्या पंथाची वाटली, यात नवल नाही. संचासह वाजवलेली ‘नेब्रास्का’ तिजोरीत आहे, ही कुजबुज चार दशके चालली आणि २०२५ मध्ये ती प्रसिद्ध झाल्यावर वाद मिटण्याऐवजी नव्याने सुरू झाला. त्याच वर्षी या ध्वनिमुद्रिकेच्या जन्मकथेवर चित्रपटही आला.

‘नेब्रास्का’नंतर दोनच वर्षांनी, जून १९८४ मध्ये, ‘बॉर्न इन द यूएसए’ आली. तिच्यातील सात गाणी अमेरिकेच्या पहिल्या दहांत पोहोचली, आणि जुन्या चाहत्यांना आपला गायक अनोळखी गर्दीत हरवल्यासारखे झाले. शीर्षकगीत व्हिएतनाम युद्धातून परतलेल्या आणि देशाने वाऱ्यावर सोडलेल्या कामगाराचे आहे. पण घोषणेसारख्या ध्रुवपदामुळे लाखो लोकांनी ते देशगौरवाचे गीत मानले. सप्टेंबर १९८४ मध्ये न्यू जर्सीतील निवडणूक सभेत राष्ट्राध्यक्ष रेगन यांनीही गायकाचे नाव गौरवाने घेतले. गाण्याचे शब्द ऐकणारा आणि फक्त ध्रुवपद ऐकणारा, असे श्रोत्यांचे दोन वर्ग त्या वर्षी स्पष्ट झाले.

अमेरिकेबाहेरच्या श्रोत्यांना या गाण्यांत काय सापडते, हा प्रश्न नेहमी विचारला जातो. पाकिस्तानात जन्मलेले आणि इंग्लंडमधील लूटन गावी वाढलेले पत्रकार सरफराज मंजूर यांनी २००७ मध्ये आठवणींचे पुस्तकच लिहिले. वाहननिर्मिती कारखान्यात राबणारा बाप आणि घरातून बाहेर पडू पाहणारा मुलगा, हे स्प्रिंगस्टीन यांच्या गाण्यांतले नाते त्या स्थलांतरित मुलाला आपल्या घरातले वाटले. त्या पुस्तकावरून २०१९ मध्ये ‘ब्लाइंडेड बाय द लाइट’ हा चित्रपट झाला. १९ जुलै १९८८ रोजी पूर्व बर्लिनमध्ये किमान दीड लाखांहून अधिक लोक त्यांना ऐकायला जमले होते; कधीतरी सारे अडथळे कोसळोत, अशी आशा त्यांनी मोडक्यातोडक्या जर्मनमध्ये बोलून दाखवली. भिंत पडली ती सोळा महिन्यांनी. तिचे श्रेय गाण्याला देणे हा चाहत्यांचा भाबडेपणा आहे. पण त्या रात्री तेथे असलेल्यांना ती विसरता आलेली नाही. आपल्याशी त्यांचा थेट संबंध त्याच वर्षीचा. मानवी हक्कांच्या जाहीरनाम्याला चाळीस वर्षे झाल्यानिमित्त अॅम्नेस्टी इंटरनॅशनलने काढलेल्या विश्वदौऱ्यात ३० सप्टेंबर १९८८ रोजी दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू स्टेडियमवर स्टिंग, पीटर गॅब्रिएल, ट्रेसी चॅपमन, युसू न्दूर यांच्याबरोबर स्प्रिंगस्टीनही गायले. त्या दिवशी मैदानात असलेले श्रोते आता साठीच्या आगेमागे असतील.

या पसरलेल्या मंडळींना एकत्र बांधणारी गोष्ट एका चिटोऱ्यातून सुरू झाली. ऑक्टोबर १९८० मध्ये सिएटल येथील मैफिलीच्या वेळी चार्ल्स क्रॉस या तरुण पत्रकाराने चार पानांचे पत्रक छापून श्रोत्यांना वाटले. ‘बॅकस्ट्रीट्स’ हे त्याचे नाव. पुढे त्याचे नियतकालिक झाले. प्रत्येक मैफिलीचा गीतक्रम, कोणते गाणे किती वर्षांनी आले याची नोंद, तिकिटांची खबर, वाचकांचे वाद हा सारा ऐवज त्यात चार दशके जमा होत राहिला. २००१ मध्ये याच मंडळींनी जगभरातील चाहत्यांकडून कात्रणे, मासिके, पत्रके मागवून अॅज्बरी पार्कच्या सार्वजनिक ग्रंथालयात एक संग्रह उभा केला. तो पुढे मॉनमथ विद्यापीठात गेला आणि तेथे स्प्रिंगस्टीन यांचे अधिकृत अभिलेखागारच स्थापन झाले. चाहत्यांच्या माळ्यावरील रद्दी संशोधकांची साधनसामग्री झाली. आपल्याकडे नाट्यसंगीताच्या जाहिराती, तिकिटे, हँडबिले किती घरांतून रद्दीवाल्याकडे गेली असतील, याचा विचार या ठिकाणी मनात आल्याशिवाय राहत नाही.

अशा नात्याला तडा गेला तो पैशाने. कामगारांची गाणी गाणाऱ्या गायकाने आपली तिकिटे दीर्घकाळ परवडण्याजोगी ठेवली होती. जुलै २०२२ मध्ये सहा वर्षांनी ई स्ट्रीट बँडसह दौरा जाहीर झाला आणि अमेरिकेतील तिकीटविक्रीत मागणीप्रमाणे क्षणोक्षणी बदलणारे दर लागू करण्यात आले. रांगेत तासन्तास थांबलेल्या चाहत्यांच्या डोळ्यांसमोर काही तिकिटांची किंमत चार-पाच हजार डॉलरपर्यंत चढली. तिकीट कंपनीचे म्हणणे असे की, अशा चढ्या दराची तिकिटे ११ टक्क्यांच्या आसपासच होती आणि हा पैसा काळाबाजारवाल्यांऐवजी कलावंताकडे जातो. हिशेब म्हणून हे खोटे नाही. गायकानेही पुढे साधारण हीच बाजू मांडली: घाम गाळणाऱ्यांनाच तो पैसा का मिळू नये? आधीच्या वर्षी त्यांनी आपल्या सर्व गाण्यांचे हक्क सोनी कंपनीला सुमारे ५० कोटी डॉलरना विकल्याचे वृत्त होते. चाहत्यांना डाचले ते हेच. नफेखोराला रोखण्यासाठी त्याच्याच भावाने तिकीट विकणे हा उपाय त्यांना पटला नाही. चाळीस वर्षे टपाल तिकिटाच्या खर्चात एकमेकांना संगीत देणाऱ्या लोकांना तो पटण्यासारखाही नव्हता.

फेब्रुवारी २०२३ मध्ये ‘बॅकस्ट्रीट्स’चे संपादक क्रिस्टोफर फिलिप्स यांनी प्रकाशन बंद करत असल्याचे जाहीर केले. त्यांनी गायकावर दोषारोप केले नाहीत, गाण्यांवरचे प्रेम नाकारले नाही; ज्या वाचकांना आता मैफिलीला जाणेच परवडत नाही त्यांच्यासाठी त्याच उमेदीने मैफिलींची वर्णने कशी छापावीत, एवढाच त्यांचा प्रश्न होता. याला उत्तर देणे कोणालाही सोपे नव्हते.

दौरा झालाच. त्यात आणखी एक बदल जाणवला, तो म्हणजे गाण्यांचा क्रम आरंभी बराचसा ठरलेला होता. स्प्रिंगस्टीन यांच्या शाळकरी वयातील ‘द कॅस्टिल्स’ या संचातील गायक जॉर्ज थीस २०१८ मध्ये वारले आणि त्या संचातील हयात असलेले एकटे तेच उरले; यावर त्यांनी लिहिलेले गाणे आणि त्याआधीची ती हकिकत रोज त्याच जागी येई. काही जुन्या श्रोत्यांना हे रुचले नाही. पुठ्ठे घेऊन गेलेल्यांची निराशा झाली. काहींनी मात्र असे म्हटले की, सत्तरी ओलांडलेल्या माणसाने मृत्यूविषयी एकच गोष्ट सलग सांगायचे ठरवले असेल, तर ती मधेच तोडू नये. सप्टेंबर २०२३ मध्ये पोटातील व्रणाच्या आजाराने मैफिली पुढे ढकलाव्या लागल्या आणि पुढच्या वर्षी त्या पुन्हा सुरू झाल्या, तेव्हा गीतक्रम बराच मोकळा झाला होता.

युरोपात अजूनही मंचाजवळची जागा मिळवण्यासाठी चाहते एक-दोन दिवस आधी येऊन स्वतःची रांग लावतात. जो आधी येईल तो वही उघडतो, येणाऱ्याच्या तळहातावर शाईने क्रमांक लिहितो आणि दिवसातून काही वेळा ठरलेल्या वेळी हजेरी घेतो. हजेरी चुकली की क्रमांक गेला. आयोजकांचा त्यात काही संबंध नसतो. हजेऱ्यांच्या मधल्या वेळात मागल्या रात्री कोणते गाणे कोणत्या पट्टीत झाले, यावर वाद चाललेला असतो.